डब्यातलं पाणी

मावशींनी स्वयंपाकघरामागच्या कचऱ्याच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा ओढून बाहेर काढला. प्लास्टिकचा होता, वर धरायला कडी आणि फिरकीचं झाकण. त्यांनी तो हुंगला, नाक मुरडलं, झाकण घट्ट फिरवलं आणि डबा कानाशी धरून दोन्ही हातांनी दाबून पाहिला. कुठूनही फुस्स झालं नाही. आचारी दारात उभा राहून हे सगळं पाहत होता. त्याची भाषा मावशींना येत नव्हती आणि मावशींची त्याला, म्हणून मावशींनी डबा पाठीला लावला आणि हवेत दोन हात मारून दाखवले. आचाऱ्याने समजल्यासारखी मान हलवली. म्हातारीला ऊन लागलंय, असंच त्याला वाटलं असणार.

त्या बिचाऱ्याला काय माहीत! मावशींनी आपल्या गावच्या पोहण्याच्या तलावावर एकोणतीस वर्षं बायकांची वेळ सांभाळली होती. कागदोपत्री त्यांचं काम कपाटाच्या किल्ल्या देण्याचं आणि फरशी धुण्याचं. फलकावर प्रशिक्षक म्हणून नाव होतं ते सरांचं. पण बायकांच्या वेळेला सर तलावाकडे पाठ करून छत्रीखाली पेपर वाचत बसायचे आणि पाण्यात उतरायच्या त्या मावशी. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं सर म्हणायचे. बुडताही येतं, असं मावशी म्हणायच्या. गावातल्या मुली त्यांच्या हाताखाली पोहायला शिकल्या आणि पुढे त्या मुलींच्या मुलीही शिकल्या. फलक मात्र होता तसाच राहिला.

आता त्या लेकीकडे परदेशात सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. लेक नर्स. दर उन्हाळ्यात दोन आठवडे रजा टाकून ती एका तळ्याकाठच्या मुलांच्या शिबिरात प्रथमोपचाराची खोली सांभाळायची, तेही फुकट. यंदा आईला दिवसभर घरी एकटं कसं ठेवायचं असा प्रश्न पडला, तेव्हा जावई म्हणाला, आईंनाही ने, इथे राहिल्या तर भांडी रोज तीनदा घासून त्यांची नक्षी जाईल. तर अशा रीतीने मावशी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी स्वयंसेविका झाल्या. पिवळा टीशर्ट मिळाला, गळ्यात ओळखपत्र आलं आणि काम मिळालं टॉवेलांचं. साठ मुलांचे ओले टॉवेल दोरीवर घालायचे, वाळले की घड्या करून द्यायचे.

“सात समुद्र ओलांडून आले, तरी टॉवेल काही सुटले नाहीत,” मावशी पहिल्या दिवशी लेकीला म्हणाल्या. पण त्यांनी घड्या अशा केल्या की शिबिरप्रमुख मुद्दाम येऊन पाहून गेला.

टॉवेलांच्या दोरीवरून तळं स्वच्छ दिसायचं आणि तिथूनच मावशींना ती मुलगी दिसली. तिचं खरं नाव त्यांच्या जिभेवर काही केल्या बसेना. चेहऱ्यावर, हातांवर, अगदी कानाच्या पाळीवरही तपकिरी ठिपके होते, म्हणून मावशींनी तिचं नाव ठेवलं ठिपकी. तरंगतं जाकीट अंगात असलं की ठिपकी माशासारखी पोहायची. जाकीट काढलं की शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थिजायची. तिथून तिला ना वर ओढता यायचं ना खाली. जीवरक्षक बाई गोड बोलायच्या, बाकीची मुलं टाळ्या वाजवायची आणि ठिपकीचे ओठ निळे पडेपर्यंत ती तिथेच उभी असायची.

लेकीने सगळी हकीकत सांगितली. तळ्याच्या मध्ये, काठापासून चाळीसेक मीटरवर, एक लाकडी तराफा बांधलेला होता. शिबिराच्या तेराव्या दिवशी मुलं जाकिटाशिवाय पोहत तिथपर्यंत जात आणि जो पोहोचेल तो आपलं नाव तराफ्याच्या फळीवर लाल रंगाने लिही. ठिपकीच्या तिन्ही थोरल्या भावांची नावं तिथे एकाखाली एक होती. तिचं हे तिसरं वर्ष. शिबिरात दहा वर्षांपर्यंतचीच मुलं घेत आणि ठिपकीला दहा पूर्ण झाली होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

मावशींनी हातातली घडी पूर्ण केली.

“जाकीट एक तर अंगात असतं, नाहीतर नसतं,” त्या म्हणाल्या. “अधलंमधलं काही नाहीच. पोरीला पाहिजे ते अधलंमधलं.”

आणि त्या उठून पिंपाकडे गेल्या होत्या.

धुतलेला डबा घेऊन त्या प्रथमोपचाराच्या खोलीत शिरल्या तेव्हा लेक एका मुलाच्या गुडघ्याला पट्टी लावत होती. डबा पाहून तिचा हात थांबला. मुलगा लंगडत बाहेर गेला तशी ती म्हणाली,

“पाणी घालणार आहेस ना त्याच्यात?”

“रोज एक मग. नेहमीसारखं.”

“आणि तिला सांगणार नाहीस.”

“सांगितलं तर उतरेल का ती पाण्यात?”

लेकीने कात्री जागेवर ठेवली, पट्टीची गुंडाळी जागेवर ठेवली. मग चल म्हणाली आणि आईला घेऊन प्रमुखाकडे गेली.

मावशींची पद्धत सोपी होती. पहिल्या दिवशी रिकामा डबा पाठीला बांधायचा. मूल बुचासारखं तरंगतं आणि डब्यावर विश्वास टाकतं. दुसऱ्या दिवशी मूल यायच्या आत डब्यात एक मग पाणी ओतून झाकण लावायचं. तिसऱ्या दिवशी आणखी एक. डबा रोज थोडा कमी उचलतो आणि तेवढं काम हातपाय आपल्या अंगावर घेतात. त्यांचं त्यांनाही कळत नाही. शेवटी डबा गळ्यापर्यंत भरतो. तो आता कणभरही उचलत नसतो आणि मूल मात्र डब्याच्या भरवशावर खुशाल पोहत असतं. एकच काळजी घ्यायची, डबा बांधायचा पाण्यात आणि सोडायचाही पाण्यातच. पाण्यात भरल्या डब्याचं ओझं होत नाही. काठावर मात्र लबाडी लगेच उघडी पडते.

तशी ती एकदा उघडी पडली होती, आणि तीही घरच्याच मुलीसमोर. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. बरेच दिवस डबा बांधून छान पोहत होती. एका दुपारी काठावरून मैत्रिणीने हाक मारली आणि मावशी गाठ सोडायच्या आत पोरगी पायऱ्या चढून वर पळाली. तिसऱ्या पायरीवर डब्याने तिला मागे खेचलं. ती धपकन बसली, तिने डबा पुढे ओढला, झाकण उघडलं. पाणी कितीतरी वेळ पायऱ्यांवरून वाहत राहिलं. तलावातल्या सगळ्या बायका हसल्या. “तू मला फसवलंस,” एवढंच लेक म्हणाली आणि ओल्या अंगाने घरी गेली. त्या संध्याकाळी मावशी तीनदा तिच्याजवळ जाऊन बसल्या, पण काही सांगायला तोंड उघडलं की ती कानात बोटं घालायची. मग ते बोलणं राहिलं ते राहूनच गेलं.

त्यानंतर लेक घोट्याच्या वर पाण्यात उतरली नाही. तलावावर येणाऱ्या बायका मावशींची चेष्टा करायच्या, लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि घरची लेक कोरडी पाषाण. मावशी हसण्यावारी न्यायच्या, पण ते बोलणं त्यांना लागायचं. आताही लेक शिबिरात तळ्याकाठी बसायची ती मोजे-बूट घालून, औषधांची पेटी मांडीवर ठेवून.

प्रमुख शिट्टी आणि याद्या यांच्यावर जगणारा माणूस होता. त्याने डबा उलटासुलटा करून पाहिला, तीन प्रश्न विचारले, ठिपकीच्या आईला फोन लावला आणि परवानगी दिली. अट दोनच. मुलीचे पाय टेकतील तिथेच पोहायचं आणि जीवरक्षक बाई हाताच्या अंतरावर हव्यात.

मावशी टीशर्ट-पायजम्यानिशी कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. पाणी थंडगार होतं. त्यांनी मनातल्या मनात त्या देशाला दोन शब्द सुनावले आणि ठिपकीला हात दिला. जाकीट निघालं, डबा चढला, टॉवेलांच्या दोरीचा उरलेला तुकडा छातीवरून दोन फेरे घेऊन पक्का झाला. लेक धक्क्याच्या फळ्यांवर बूट घालून उभी होती. दुभाषी तीच.

“तिला सांग, डबा आहे तोवर तू बुडत नाहीस.”

लेक वाकून ठिपकीशी बोलली. ठिपकीने काहीतरी विचारलं, लेकीने उत्तर दिलं.

“काय म्हणते?”

“तयार आहे म्हणते.”

आणि खरंच, ठिपकीने पाय उचलले.

हा होता तिसरा दिवस. डबा दहा मगांत भरत होता, म्हणजे मावशींच्या हिशेबाने तो भरायचा नेमका तेराव्या दिवशी. डब्याशिवाय सराव करायला एकही दिवस हातात राहत नव्हता. मावशींना त्याची धास्ती होती. पण घाई केली तर पोरीला कळेल आणि कळलं की संपलं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग त्या रोज नाश्ता झाला की मागच्या नळावर जायच्या, इकडेतिकडे बघून एक मग ओतायच्या आणि दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यासारखा साळसूद चेहरा करून तळ्यावर यायच्या.

शिकवताना त्यांना दुभाष्याची गरज दोन दिवसांतच उरली नाही. “पाय! पाय मार! गुडघे नको वाकवू, पाय!” असं त्या आपल्या भाषेत ओरडायच्या आणि ठिपकी बरोबर पाय मारायची. एकोणतीस वर्षांचा आवाज तो. तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या बदकांनाही तो समजत असावा. बाकीची मुलं आधी हसली, मग धक्क्यावर बसून पाय हलवत तीही ओरडायला लागली. लेक मात्र न सांगता रोज वेळेवर यायची आणि फळ्यांवर उभी राहायची. तिचा चेहरा काही सांगायचा नाही. मावशींना वाटायचं, ही आपल्याला पाहायला येत नाही, तो डबा पाहायला येते.

आठव्या दिवशी मावशींनी नळावर झाकण उघडलं आणि त्या चमकल्या. त्यांनी चार मगांच्या वर पाणी घातलेलं नव्हतं. म्हणजे डबा अजून अर्धाही भरलेला नसायला हवा होता. पाणी तर कडीच्या खाली चार बोटांवर आलेलं! दोन दिवसांमागेही त्यांना जरा जास्त वाटलं होतं, पण तेव्हा त्यांनी दोष आपल्या चष्म्याला दिला होता. आता त्यांनी झाकण तपासलं, डबा उलटा धरला. थेंब गळत नव्हता. झाकण आतून पाणी सोडत नाही तर बाहेरून घेईल कसं? आणि पोरगी इतकं पाणी पाठीवर घेऊन काल पाच फेऱ्या मारून गेली होती. त्या दिवशी त्यांनी मग न घालताच डबा बांधला आणि अख्खा तास जीव मुठीत धरून त्या ठिपकीच्या बाजूने चालत राहिल्या.

नवव्या दिवशी त्या नाश्त्याच्या आधीच स्वयंपाकघरामागे गेल्या. कोपऱ्यावरच थांबल्या.

नळापाशी ठिपकी उकिडवी बसली होती. तोंडात झाकण, हातात मग. डबा लेकीने दोन्ही हातांनी धरला होता, हलू नये म्हणून. ठिपकीने मग ओतला. थांबली, डब्याच्या तोंडातून आत डोकावली, विचार केला. मग आणखी अर्धा ओतला. लेक तिला काहीच म्हणत नव्हती. नुसती थांबली होती.

मावशींना पाहून ठिपकीच्या तोंडातलं झाकण पडलं. लेक मात्र तशीच बसून राहिली.

“तू सांगितलंस तिला.”

“पहिल्याच दिवशी सांगितलं, तिथे फळीवर. डबा आहे तोवर बुडत नाहीस, आणि डब्यात आई रोज थोडं पाणी घालेल, असं दोन्ही सांगितलं.”

“आणि ती भ्यायली नाही?”

“भ्यायली ना. मग तिने एकच विचारलं. पाणी किती घालायचं ते मी ठरवलं तर चालेल का?”

मावशी नळाच्या कट्ट्यावर बसल्या. म्हणजे दोघी भरत होत्या. एक चोरून आणि दुसरी उजळ माथ्याने, आणि चोरून भरणारी होती ती सहासष्ट वर्षांची. त्यांना आधी राग आला. आपल्या कामात कुणी हात घातला की येतो तसा, सरळ नाकाच्या शेंड्यावर. मग त्यांना लाज वाटली. आजवर किती पाठींना डबा बांधला याची गणती नव्हती आणि त्यांतल्या एकीलाही त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. पण राग आणि लाज या दोन्हींच्या वरताण आणखी एक गोष्ट त्यांच्या छातीत दाटून आली होती, आणि ती अभिमानाची होती. तो त्या ठिपक्यांच्या पोरीचा होता की डबा धरून बसलेल्या त्या दुसरीचा, ते काही त्यांना ठरवता येईना.

“आज किती घालायचं, विचार तिला,” त्या शेवटी म्हणाल्या.

लेकीने विचारलं.  ठिपकीने नळ पुन्हा सोडला, मग भरला आणि डबा काठोकाठ भरून वाहेपर्यंत ओतत राहिली. मग तिने जमिनीवरचं झाकण उचलून टीशर्टला पुसलं आणि स्वतः घट्ट लावलं.

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस ती भरलेला डबा घेऊन पोहली. बाराव्या दिवशी डब्याशिवाय. उथळ पाण्यात, धक्क्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, सोळा फेऱ्या. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं. पण तेच शेपूट खोल पाण्यात होतं.

तेराव्या दिवशी वारा पडला होता आणि तळं तव्यासारखं सपाट होतं. प्रमुखाने यादीप्रमाणे नावं पुकारली. मुलं चार-चारच्या तुकड्यांनी निघाली, जीवरक्षक बाई होडीतून बरोबर. एकेक पोहोचत गेलं, तराफ्यावर चढलं, रंगाच्या डब्याभोवती कोंडाळं झालं. ठिपकीने आपलं नाव सर्वांत शेवटी घ्यायला सांगितलं होतं. तिची पाळी आली तेव्हा निम्मी मुलं परतही आली होती आणि टॉवेल गुंडाळून काठावर बसली होती.

ती एकटी निघाली. पहिले वीस मीटर अगदी व्यवस्थित. मग तळाचा रंग बदलतो तिथे, जिथून पाणी हिरव्याचं काळं होतं, ती थांबली. हात फिरत होते, पण पुढे जात नव्हती. होडी जवळ सरकली. जीवरक्षक बाईंनी वल्हं तिच्या दिशेने आडवं धरलं, धरायचं तर धर म्हणून. ठिपकीने वल्ह्याकडे पाहिलं.

काठावर मावशींचे दोन्ही हात छातीशी गेले होते. वल्ह्याला बोट लागलं की संपलं, हे साऱ्या शिबिराला ठाऊक होतं.

“पाय!” मावशी ओरडल्या. “पाय मार!”

आणि मग जे झालं त्याची त्यांनी स्वप्नातही कल्पना केली नव्हती. शेजारी बसलेला टॉवेल गुंडाळलेला घोळका उठून उभा राहिला आणि “पाय! पाय!” असं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. तराफ्यावरच्या मुलांनी ते उचललं. दोन्हीकडून पाय, पाय, पाय. त्या सगळ्यांना मावशींच्या भाषेतला एवढा एकच शब्द येत होता, पण तो त्यांनी चोख म्हटला. आचारीसुद्धा पळी घेऊन बाहेर आला होता आणि ओरडत होता.

ठिपकीने वल्ह्याकडे पाठ केली. पाण्यावर फेस उडाला. तराफ्याच्या कडेला तिचे ठिपक्यांचे हात लागले तेव्हा मावशी मटकन खाली बसल्या.

नाव लिहायला तिने बराच वेळ घेतला. भावांच्या नावांपेक्षा मोठं लिहिलं, असं परतल्यावर बाकीच्यांनी सांगितलं. ती स्वतः काही सांगायच्या मनःस्थितीत नव्हती. ओल्या अंगाने येऊन मावशींच्या कमरेला मिठी मारून राहिली. नंतर प्रमुख आला. त्याने मावशींचा हात हातात घेतला आणि पुष्कळ काही बोलला. लेकीने त्यातलं थोडं सांगितलं. मग तो त्यांना कामांच्या फलकापाशी घेऊन गेला. टॉवेलांसमोरचं मावशींचं नाव त्याने खोडलं होतं आणि वर, पोहण्याच्या रकान्यात, जीवरक्षक बाईंच्या नावाखाली लिहिलं होतं. शिबिराचा एकच दिवस उरला होता. मावशींना ती लिपी वाचता येत नव्हती, पण आपलं नाव कोणतं ते त्यांनी विचारून घेतलं आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं. एकोणतीस वर्षं हुकलेला फलक तो. त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटलं हे त्यांनी लपवलंही नाही.

मुलं जेवायला गेल्यावर माय-लेकी धक्क्यावरचे टॉवेल गोळा करायला आल्या. नाव वर गेलं म्हणून टॉवेल थोडेच वाळणार होते? होडी बांधून जीवरक्षक बाई आपल्या उंच खुर्चीत बसून सफरचंद खात होत्या. ऊन अजून चांगलं होतं.

बऱ्याच घड्या झाल्यावर लेक म्हणाली, “त्या दिवशी माझ्या डब्यात किती होतं?”

मावशींचे हात थांबले. एकतीस वर्षं त्या या प्रश्नाची वाट पाहत होत्या.

“काठोकाठ.”

“म्हणजे?”

“म्हणजे थेंबाचीही जागा नव्हती. आधीचे दोन दिवसही नव्हती. मी तुला तेच सांगायला येत होते.”

लेकीने हातातल्या टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“मग बायका का हसल्या?”

“हसणारच की. कुणाचाही डबा भरला की सगळ्या हसायच्या, टाळ्या वाजवायच्या. तुलाही वाजवल्या. तू तोवर फाटकापाशी पोहोचली होतीस.” मावशी जरा थांबल्या. “पण तू म्हणालीस तेही खरंच होतं. फसवलंच होतं मी. आधी विचारायला हवं होतं.”

लेकीने घडी बाजूला ठेवली. तिने तळ्याकडे पाहिलं. ठिपकी जिथे थांबली होती तिथे आता एक बदक होतं. मग ती फळीच्या कडेला बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून नीट बुटांत खोचले. घड्याळ काढलं. गळ्यातलं ओळखपत्र काढलं. सगळं आईच्या पुढ्यात ठेवलं आणि कामाच्या कपड्यांनिशीच शिडीची पहिली पायरी उतरली, मग दुसरी. पाणी घोट्याच्या वर गेलं, गुडघ्यांवर गेलं. दुसऱ्या पायरीवर ती क्षणभर उभी राहिली. मागे वळून पाहिलं नाही.

शिकवायची सवय मावशींच्या घशापर्यंत आली होती. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

पाणी लेकीच्या खांद्यांना लागलं तेव्हा जीवरक्षक बाई सफरचंद टाकून खुर्चीतून उठल्या. दोन आठवड्यांत त्यांनी या नर्सला कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी मावशींकडे पाहून घाईघाईने काहीतरी विचारलं. मावशींना एक शब्द कळला नाही, पण प्रश्न कळला. त्यांनी हात वर करून बाईंना थांबवलं.

“पोहता येतं तिला,” मावशी आपल्याच भाषेत म्हणाल्या. ते त्यांनी असं म्हटलं की बाई पुन्हा खुर्चीत बसल्या.